अध्यक्षांच्या मुलीचं नाव

मूळ काम होतं शंभर पत्रकं छापून देण्याचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण टेक्सासातल्या अर्विंगमधल्या मराठी मंडळींत या प्रकरणाच्या तीन-चार आवृत्त्या फिरतायत आणि त्यातल्या एकीत मी मेक्सिकोच्या राजकारणात पडलो असं म्हटलंय. मी कशातही पडलो नाही. माझ्याकडे फक्त प्रिंटर होता.

२००६चा जून. रविवारी सकाळी मी पोहे खात होतो आणि दार वाजलं. दारात आमच्या अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावरचा युसेबियो, दोन काखांत दोन कुबड्या. हा घरांची छपरं घालायचं काम करतो, आणि एप्रिलमध्ये अशाच एका छपरावरून पडून त्याचा पाय तीन ठिकाणी मोडला होता. तसला पाय घेऊन हा सोळा पायऱ्या चढून आला होता. असा माणूस दारात आला की तो जे मागेल ते द्यावं लागतं, आणि नेमकी माझी तिथेच पंचाईत झाली.

बरोबर ओफेलिया नावाच्या पंचावन्न-साठीच्या बाई होत्या. एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये काम करणाऱ्या, चांगलं इंग्रजी बोलणाऱ्या. युसेबियोचं इंग्रजी आणि माझं स्पॅनिश दोन्ही पार्किंगच्या जागेपुरतं असल्यामुळे सगळं बोलणं त्यांच्यामार्फत चाललं. या दोघांचं गाव मेक्सिकोत, एल साउझ म्हणून. त्या गावची चाळीसेक कुटुंबं डॅलसच्या आसपास राहतात आणि त्यांनी एक क्लब काढलाय. दरवर्षी चर्चच्या आवारात ते ‘केरमेस’ भरवतात, म्हणजे आपली जत्राच, खाणं-पिणं, गाणी, खेळ. येणारे पैसे गावच्या शाळेला. यंदा शाळेच्या अंगणावर पत्रा घालायचा होता, कारण पोरं उन्हात उभी राहून चक्कर येऊन पडत. आणि दुसरं म्हणजे शिष्यवृत्त्या. गावात शाळा नववीपर्यंत. पुढची शाळा अठरा किलोमीटरवर, आणि रोजचं बसभाडं परवडत नाही म्हणून पोरं घरी बसतात. क्लब बारा मुलांचं बसभाडं आणि पुस्तकं देतो. युसेबियो या क्लबचा अध्यक्ष. सगळे त्याला नावाने हाक न मारता ‘प्रेसिदेन्ते’ म्हणतात.

“पत्रकं काय, आत्ता छापून देतो,” मी म्हणालो. इथेच विषय संपला असता. पण माझी बायको कांचन हिला आलेल्या पाहुण्याची घरची चौकशी केल्याशिवाय चैन पडत नाही. पोह्यांच्या बशा पुढे करत तिने विचारलं, “मुलंबाळं?”

एकच मुलगी, अरासेली. गावी आजीजवळ असते. नुकतीच नववी झाली, वर्गात पहिली. शिक्षिका व्हायचंय.

“अरे वा! मग यादीत पहिलं नाव तिचंच!”

ओफेलियाबाई पोह्यांतले दाणे निवडत म्हणाल्या, “नाही. अध्यक्षाच्या घरचं कुणी यादीत नसतं. नियम आहे.”

“असला कसला नियम? कुणी केला?”

“मी,” युसेबियो म्हणाला. हे त्याने स्वतः इंग्रजीत सांगितलं.

मी दहा वर्षं महाराष्ट्र मंडळात काढली आहेत. आमच्याकडे गणपतीतल्या वेशभूषा स्पर्धेत पहिलं बक्षीस कार्यकारिणीतल्या मुलांना, दुसरं त्यांच्या चुलत भावंडांना आणि उत्तेजनार्थ उरलेल्यांना, ही पद्धत इतकी जुनी आहे की कुणी त्यावर बोलतसुद्धा नाही. त्यामुळे मला आधी वाटलं, भाषांतरात काहीतरी गडबड झाली. गडबड नव्हती. पाय मोडल्यापासून युसेबियोला काम नव्हतं, साठवलेलं सगळं डॉक्टरला गेलं होतं, आणि अठरा ऑगस्टपर्यंत शाळेत नाव घातलं नाही तर अरासेली मावशीबरोबर स्ट्रॉबेरी भरायच्या कारखान्यात जाणार होती.

“एक वर्ष काम करून मग जाईल की शाळेत,” मी म्हणालो.

“कामाला लागलेली मुलगी परत शाळेत जात नाही,” ओफेलियाबाई म्हणाल्या. “मी नाही गेले.”

कांचनने लगेच जाहीर करून टाकलं की तिचं बसभाडं आम्ही भरू. त्यावर युसेबियो कुबड्या सावरून उभा राहिला, अगदी नम्रपणे, आणि म्हणाला, “मी पत्रकांसाठी आलो होतो.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते गेल्यावर कांचनने बशा गोळा केल्या. मग म्हणाली, “श्रीराम, ती पोर कारखान्यात जाता कामा नये.” मी म्हटलं, “आपण काय करणार?” आणि हे म्हणता म्हणता मला माझे बाबा आठवले. त्यांना मॅट्रिकची पुस्तकं तालुक्याच्या एका कापडदुकानदाराने घेऊन दिली होती. ना नात्याचा, ना गोत्याचा. बाबा त्याचं नाव घेताना अजून बसल्या जागी सावरून बसतात. मी कांचनला तसं काही बोललो नाही. प्रिंटर चालू केला एवढंच.

आता सल्ल्याची गरज होती, आणि सल्ला म्हटलं की आमच्याकडे त्र्यंबककाका. माझा मित्र संजीव याचे वडील. जिल्हा परिषदेच्या शिक्षण खात्यात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, आणि सहा महिन्यांसाठी मुलाकडे येऊन कंटाळून गेलेले. त्यांना शाळा, पत्रा, अनुदान एवढे शब्द ऐकू येताच ते खुर्चीत पुढे सरकले.

“सोपं आहे,” ते म्हणाले. “बाराच जागा आहेत म्हणून नियम कडक आहे. जागा पंधरा करा, नियम आपोआप सैल होतो. म्हणजे पैसे जास्त उभे करा. तुम्ही वड्यांचा स्टॉल लावा.”

अशा रीतीने शंभर पत्रकांचे सहाशे बटाटेवडे झाले. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या ह्याच, फक्त तळलेल्या.

वडे विकायला शहराच्या आरोग्य खात्याची परवानगी लागते. मी फॉर्म भरला, तारीख घातली ६/८, आणि रांगेत उभा राहिलो. खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, “सर, ही तारीख होऊन गेली.” मी म्हणालो, सहा ऑगस्ट अजून यायचाय. त्या म्हणाल्या, ही आठ जून आहे. दहा वर्षं या देशात राहून मी महिना मागे आणि दिवस पुढे लिहिला होता! फॉर्म दुरुस्त झाला, पण शंभर पत्रकांवरही तेच ६/८ छापलं होतं. मी धावत युसेबियोकडे गेलो. तो म्हणाला, बरोबरच आहे की, सहा ऑगस्ट. त्यांच्याकडेही आपल्यासारखंच लिहितात. पत्रकं त्यांच्याच लोकांत वाटायची होती, त्यामुळे अख्ख्या टेक्सासात ती चूक फक्त सरकारला कळली.

दुसरी अडचण, घरी केलेलं काही विकायचं नाही. चर्चच्या स्वयंपाकघरातच करायचं, हात धुवायला वेगळी सोय पाहिजे आणि वड्याच्या पोटातलं तापमान मोजायचं. हे ऐकून त्र्यंबककाका उसळले. “वड्याला थर्मामीटर? त्याला काय ताप आलाय?” मी त्यांना समजावत होतो तेवढ्यात तपासणीला आलेल्या बाईंनी खरंच एका वड्यात सुई खुपसली. काकांनी मान फिरवली. त्यांना ते बघवलं नाही.

सहा ऑगस्टला सावलीत एकशे चार डिग्री होती, म्हणजे आपली चाळीस. कढईपाशी किती होती ते मी मोजलं नाही. आमच्या मंडळातल्या सात बायका सकाळपासून राबत होत्या, आणि मी छातीवर ‘संयोजक’ असा बिल्ला लावून देखरेख करत होतो. मला एकच काळजी होती, ठेचा. हिरव्या मिरचीचा, खास नागपूरहून आलेल्या आसावरीवहिनींच्या हातचा. मी सगळ्यांना बजावलं होतं, जपून द्या, लोक पहिल्यांदाच खातायत, कुणाला त्रास व्हायला नको. पहिलेच एक आजोबा आले. त्यांनी वड्यावर दोन चमचे ठेचा घेतला, खाल्ला, मग वाटी तोंडाला लावावी तसा अजून घेतला आणि आसावरीवहिनींना विचारलं, “छान आहे. तिखट काही नाही का तुमच्याकडे?” वहिनी त्यानंतर तासभर कुणाशी बोलल्या नाहीत.

खरा घोटाळा पुढे झाला. दुपारी दोनपर्यंत चारशे वडे गेले आणि डब्यात पन्नास वड्यांचेही पैसे नव्हते. मी आडोशाला उभं राहून पाहिलं तर काय! एक माणूस पैसे पुढे करतोय आणि कांचन त्याला म्हणतेय, “अहो, राहू द्या हो, पहिल्यांदाच आलात, घ्या, अजून एक घ्या, एकाने काय होतंय!” शेजारी आसावरीवहिनी एका बाईच्या बशीत ती नको नको म्हणत असताना तिसरा वडा टाकत होत्या. जन्मभर दारी आलेल्याला आग्रह करून वाढलेल्या बायका त्या. खाणाऱ्याकडून पैसे घ्यायला त्यांचा हात पुढे होईना. आणि बोलू कुणाला? मीच सकाळी दोघांना फुकट दिले होते. शेवटी ओफेलियाबाईंनी आमच्या सगळ्या बायकांना कढईमागे हाकललं आणि स्वतः डबा घेऊन पुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या नजरेतून फुकट वडा काय, चटणीचा थेंब सुटला नाही.

एवढ्यात मला अटक झाली.

केरमेसमध्ये लुटुपुटूचा तुरुंग असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पत्र्याचे बिल्ले आणि पोलिसी टोप्या घातलेल्या दोन आजीबाई आल्या, दोन्हीकडून माझे दंड धरले आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी वाचून दाखवलं. आता, माझं ग्रीन कार्ड पाच वर्षं अडकलंय, आणि त्याच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो, ‘आपल्याला कधी अटक झाली आहे का?’ तो प्रश्न माझ्या डोळ्यांपुढे आला. मी ओरडलो, “आय हॅव परमिट! आय हॅव परमिट!” आणि खिशातून आरोग्य खात्याचा कागद काढून दाखवला. लोक पोट धरून हसत होते. बांबूच्या कोठडीत बसल्यावर कळलं की दोन डॉलर दंड भरला की सोडतात, आणि तो दंडही शाळेलाच जातो. मी कांचनला हाक मारली. ती आली, तिने दोन डॉलर दिले आणि आजीबाईंना सांगितलं, “अजून अर्धा तास ठेवा. चांगल्या कामासाठी आहे.”

माझा बिल्ला त्या गडबडीत कुठेतरी पडला. पण संध्याकाळी ओफेलियाबाई सांगत आल्या की पत्र्याचं जमलं आणि शिष्यवृत्त्या पंधरा होतील, तेव्हा मला खरंच भरून आलं. कांचन तर रडलीच. पंधरा! म्हणजे अरासेलीची जागा झाली.

झाली कसली! बुधवारी त्यांच्या कमिटीची बैठक झाली. ओफेलियाबाईंनी अरासेलीचं नाव सुचवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि अध्यक्षांनी ते खोडून टाकलं. दुसऱ्या दिवशी मी ओफेलियाबाईंना घेऊन खाली गेलो आणि युसेबियोशी वाद घातला. तो शांतपणे म्हणाला, “गावात आधीच बोलतात. उत्तरेकडे गेलेले लोक शाळेचे पैसे खातात म्हणतात. पहिल्याच वर्षी मी सगळ्यांसमोर उभं राहून शपथ घेतली होती. आता माझ्याच मुलीचं नाव वाचलं तर पुढच्या वर्षी एक डॉलर जमणार नाही. मग बाकीच्या चौदा मुलांनी काय करायचं?”

माणूस बरोबर बोलत होता आणि त्याची मुलगी आठवड्याभरात कामाला लागणार होती. मला त्याचा राग आला आणि त्याच्यापुढे वाकावंसंही वाटलं. आम्ही दोघं तसेच वर आलो.

आमच्या दिवाणखान्यात त्र्यंबककाका बसले होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “अध्यक्षाच्या मुलीला मिळत नाही ना? मग तिचा बाप अध्यक्ष नको.”

माझ्या अंगात वीज संचारली. कारण जगात मला जर एक गोष्ट पक्की येत असेल तर ती ही. २००३च्या दिवाळीत श्रीखंड की बासुंदी या प्रश्नावरून मंडळाचा सेक्रेटरी म्हणून माझ्यावर अविश्वास ठराव आला होता, आणि तो मी बारकाईने अनुभवला होता. आधी फोन, मग कुणाच्या तरी गॅरेजमध्ये चहा, मग सह्या, मग ठराव, आणि शेवटी मावळत्या पदाधिकाऱ्याच्या बहुमोल कार्याबद्दल आभार. सगळ्या पायऱ्या मला पाठ होत्या.

ओफेलियाबाई म्हणाल्या, “पण त्याने काही वाईट केलेलं नाही.”

“म्हणूनच तर आरोप लागतील,” काका म्हणाले. “आरोपाशिवाय ठराव म्हणजे मिठाशिवाय भाजी.”

मग आरोप शोधायला बसलो. तासभर डोकं खाजवून एवढे निघाले: एक, अध्यक्ष डॉक्टरांचा सल्ला धाब्यावर बसवून जिने चढले. दोन, केरमेसच्या दिवशी एकही वडा न खाता सहयोगी संस्थेचा अपमान केला. (आधी इतरांना मिळू दे, असं म्हणत राहिला बिचारा, आणि संपले.) तीन, सहा वर्षांत एकदाही अध्यक्षीय भाषण केलं नाही. हा तिसरा आरोप काकांचा. त्यांना तो सर्वांत गंभीर वाटत होता.

शुक्रवार-शनिवार मी आणि ओफेलियाबाई गाडीतून घरोघर हिंडलो. पहिल्या घरी दार उघडणारा माणूस म्हणाला, “प्रेसिदेन्तेला काढायचं? तुम्ही शुद्धीवर आहात का?” कारण सांगितल्यावर त्याने टोपी काढली आणि सही केली. दुसऱ्या घरी बाई रडल्या आणि मग सही केली. तिसऱ्या घरी आम्हाला जेवायला घातलं. सही करून घेताना प्रत्येक ठिकाणी एकच अट होती, युसेबियोला कळता कामा नये. चाळीस कुटुंबांत एक गोष्ट दोन दिवस गुप्त राहिली. आमच्या मंडळात दोन मिनिटंही राहिली नसती.

तेरा ऑगस्टच्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये सभा भरली. युसेबियो आधीच येऊन समोरच्या टेबलाशी बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले, कुबड्या भिंतीला लावलेल्या. मी चौदा माणसांना घेऊन आत शिरलो तेव्हा तो आमच्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, मदतीला आलो.

ओफेलियाबाई उभ्या राहून ठराव वाचायला लागल्या. आरोप एक, आरोप दोन. आणि मी युसेबियोचा चेहरा बघितला. छपरावर त्याला कुणी नावाने हाक मारत नाही. आठवडाभर कुठल्या तरी मुकादमाचं ‘ए, इकडे ये’ ऐकायचं. महिन्यातून एक रविवार, या एका हॉलमध्ये, तो प्रेसिदेन्ते होता. तेवढं एकच काय ते त्याच्याजवळ होतं, आणि ते मी काढून घ्यायला निघालो होतो, वर वडा खाल्ला नाही असा आरोप ठेवून. मला लाज वाटली. खरंच सांगतो, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आता परत फिरायची सोय नव्हती.

मतदान झालं. हात एकेक करून वर आले, हळूहळू, आणि एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता. त्याने सगळे हात पाहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्याने आपलाही हात वर केला.

ओफेलियाबाई अध्यक्ष झाल्या. पहिलं काम म्हणून त्यांनी शिष्यवृत्तीची यादी वाचली. तेरावं नाव त्यांनी जरा मोठ्याने वाचलं. अरासेली. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. युसेबियो मान खाली घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. कुणीतरी त्याला फोन लावून दिला. तो दोनच वाक्यं बोलला. पलीकडून जी किंकाळी आली ती मला चार रांगा मागे ऐकू आली.

नंतर मी त्याच्याकडे गेलो. माफी कशी मागायची ते इंग्रजीत मनाशी जुळवत होतो. ओफेलियाबाई शेजारी उभ्या राहिल्या. तो रागावला नव्हता. थकलेला दिसत होता.

“मी एप्रिलपासून वाट बघतोय,” तो म्हणाला. “पाय मोडला तेव्हाच ठरवलं होतं, हे आता दुसऱ्याने करावं. पण आपण होऊन सोडलं असतं तर लोक म्हणाले असते, मुलीसाठी सोडलं. वाटलं, कुणीतरी येईल आणि विचारील, ‘युसेबियो, सोडतोस का?’ मी लगेच हो म्हणणार होतो. एक माणूस पुरला असता. तू चौदा आणलेस.”

“मग बोलला का नाहीस?” मी विचारलं.

“तू रोज माझ्या दारावरून जातोस,” तो म्हणाला. “तू का नाही विचारलंस?”

त्याने माझा हात हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि मग कुबड्या घेऊन आपल्या माणसांत गेला. तिथे सगळे त्याला युसेबियो म्हणत होते.

बाहेर गाडीपाशी त्र्यंबककाका थांबले होते. “काय म्हणत होता रे तो?”

मी सांगितलं. “नुसतं विचारलं असतं तरी खुर्ची सोडली असती, म्हणाला.”

काका उन्हात तसेच उभे राहिले. बत्तीस वर्षांची जिल्हा परिषद त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली असावी. मग त्यांनी अगदी हळू आवाजात, शाळेतल्या मुलासारखं मला विचारलं, “म्हणजे, असं विचारता येतं?”